पासिंगचा सेट

त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला असं नाव पडावं म्हणजे काय ते समजा. पण नावं ठेवणारे कधी खोलात शिरत नाहीत. गाडी तो रेंगाळत चालवत नसे. चौकात वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचं, सायरन वाजत असला तरी आणखी एकदा बघायचं आणि मगच पुढे जायचं, एवढाच त्याचा गुन्हा. बावीस वर्षांत त्याच्या हातून गाडीवर साधा ओरखडा उठला नव्हता. बायको म्हणायची, "तुम्ही स्वतःच्या सावलीलाही हॉर्न द्याल."

माणूस मुळात भित्रा. ते त्याने कधी लपवलंही नाही. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, जिना उतरायचा, अर्ध्यातून परत वर जाऊन पुन्हा ओढून बघायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्यापाठी राक्षसाचं अख्खं बिऱ्हाड लागलेलं. आणि त्याच्या भीतीची तऱ्हाही उलटी. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, बावीस वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? याला वाटायचं, बावीस वर्षं काही झालं नाही, म्हणजे आता पाळी जवळ आली.

बाकीच्या भीती हसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. एक मात्र तशी नव्हती. त्याच्या गाडीत, स्ट्रेचरच्या डोक्याकडे, लोखंडी पट्ट्यात घट्ट आवळून बसवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता, आणि तो रिकामा होता. दाबाचा काटा शून्यावर गंजून बसलेला. रोज सकाळी गाडी पुसताना तो काटाही पुसायचा.

नियम साधा होता. दोन वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं, रुग्णवाहिका म्हणून नोंदवायची असेल तर गाडीत भरलेला सिलिंडर हवा, चालू रेग्युलेटर हवा, घशातला कफ ओढायचं यंत्र हवं, आग विझवायचं नळकांडं हवं, आणि हे सगळं दरवर्षी तपासून घ्यायचं. मालकाच्या तीन गाड्या. मालकाने नियमांचा कागद वाचला आणि तो घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

"आपण काय गाडीत ऑपरेशन करतो?" तो म्हणाला. "प्लास्टरवाले घरी सोडायचे, डायलिसिसवाले न्यायचे-आणायचे. धाप लागलेला पेशंट आपल्याकडे येतोच कुठे?"

हे खरं होतं, हीच तर पंचाईत होती. जिवावर बेतलेला पेशंट मोठ्या हॉस्पिटलच्या मोठ्या गाडीतून जायचा. सावकाशच्या वाट्याला मोडलेले पाय आणि टाके घातलेली पोटं. दोन वर्षं त्या रिकाम्या सिलिंडरकडे कोणी वळूनही बघितलं नव्हतं.

मग दरवर्षीचं पासिंग कसं व्हायचं? त्यासाठी सेट होता. एक भरलेला सिलिंडर, एक नवाकोरा रेग्युलेटर, नळी आणि मास्क, कफ ओढायचं यंत्र आणि लाल नळकांडं. वर्षभर हा सेट मालकाच्या ऑफिसातल्या कपाटात चादर पांघरून झोपलेला असे आणि पासिंगच्या दिवशी बाहेर निघे. घरात एकच चांगला कोट असावा आणि ज्याची मुलाखत असेल त्याने तो घालावा, तसा प्रकार. एक गाडी पास झाली की सेट काढायचा आणि दुसरीत चढवायचा. हे काम कंपाउंडरकडे होतं. हा म्हातारा पूर्वी एका दवाखान्यात गोळ्या बांधायचा. आता गाडीत पेशंटजवळ बसायचा. कमी बोलायचा, आणि जे बघायचा त्याबद्दल तर अजिबात बोलायचा नाही. मालक सेट आपल्या मेहुण्याच्या निळ्या गाडीलाही देतो, एवढं सावकाशला ठाऊक होतं. आणखी कोणाला देतो ते त्याने कधी विचारलं नाही. ज्याला सगळ्याची भीती वाटते, तो प्रश्न जपून विचारतो.

आणि लबाडी खपायचीही व्यवस्थित. पास झाल्याचा कागद वाहन कार्यालयातून निघून रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात पोहोचायला आठवडा लागायचा, आणि तिथे तो फायलीत पडून राहायचा. तोवर सेट कपाटात परत, गाड्या आपापल्या प्लास्टरवाल्यांकडे, आळीमिळी गुपचिळी.

त्या वर्षी पासिंगला अकरा गाड्या आल्या होत्या. कार्यालयाच्या पुढच्या पटांगणात त्या एकामागे एक उभ्या राहायच्या, पास झालेली गाडी बाजूच्या फाटकातून मागच्या आवारात जायची. दोन्हींच्या मध्ये एक भिंत होती आणि भिंतीला, नळापाशी, माणूस हातगाडी घेऊन जाईल एवढी वाट. सावकाशची गाडी चौथी होती.

तपासनीस बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी दिवे लावून पाहिले, सायरन वाजवून पाहिला, स्ट्रेचरचं चाक पायाने दाबून पाहिलं, औषधांच्या डब्यातल्या प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचली. मग वाकून सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. काटा भरलेल्या खुणेवर होता. बाईंनी मान डोलावली. त्यांनी काचेवर हिरवं चिकटपत्र लावलं आणि हातातल्या टॅबवर बोट टेकवलं.

"झालं. नोंद झाली."

"कागद कधी जाईल, मॅडम?" त्याने उगाच विचारलं.

"कागद कसला? या वर्षीपासून सगळं यावरच. इथे टेकवलं की तिकडे नियंत्रण कक्षात तुमची गाडी दिसायला लागते."

सावकाशच्या डोक्यात कुठेतरी काहीतरी खटकलं. पण मागची गाडी हॉर्न देत होती. त्याने गाडी फाटकातून मागच्या आवारात घेतली. कंपाउंडर हातगाडी घेऊन उभाच होता. दोन मिनिटांत त्याने पट्टे सोडले, सेट उतरवला, चादर टाकली आणि भिंतीच्या वाटेने पलीकडे गेला. गाडीत पुन्हा तो जुना गंजका सिलिंडर. सावकाशने सवयीने त्याचा काटा पुसला.

तासभर तो तिथेच थांबला, कारण मालकाने तिन्ही गाड्या होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मग खिशातला फोन वाजला. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. ती वेळ कायमची त्याच्या लक्षात राहिली.

"नियंत्रण कक्षातून बोलतेय," एक मुलगी घाईने म्हणाली. "काका, वाहन कार्यालयाजवळ आहात ना? कालव्याच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत. सत्तर वर्षांच्या बाई आहेत, दमा आहे, श्वास घेता येत नाहीये, ओठ निळे पडलेत. ऑक्सिजन लागेल. पत्ता पाठवलाय."

"मोठी गाडी… हॉस्पिटलची मोठी गाडी?"

"ती लांब गेलीय, तासाभराने येईल. स्क्रीनवर तुमचीच सर्वांत जवळ आहे. ऑक्सिजनसह पास झालेली. निघा लवकर."

फोन बंद झाला. त्याने मागचं दार उघडलं आणि सिलिंडरकडे पाहिलं, जणू तासाभरात तो आपोआप भरला असेल. काटा शून्यावर. त्याने सिलिंडरची चावी फिरवून पाहिली. काहीच नाही, साधी फुसदेखील नाही. कंपाउंडर जवळपास कुठे दिसेना. हेच ते. बावीस वर्षं ज्याची वाट बघत घाबरलो ते हेच. आणि आता ते समोर उभं होतं.

मालक आवाराच्या कडेला, झाडाच्या सावलीत उभा होता. सावकाश धडपडत त्याच्यापर्यंत गेला आणि कसंबसं सगळं सांगितलं.

"हळू बोल," मालक म्हणाला. इकडेतिकडे पाहून त्याने सावकाशचा दंड धरला. "सेट आत्ता मिळणार नाही. तू निघ. रस्त्यात चाक पंक्चर झालं म्हणून फोन कर. ते दुसरी गाडी शोधतील."

"दुसरी नाहीये, मालक. तिच्या ओठांवर निळं…"

"मग काय करू? मी फुंकू तिच्या तोंडात?" मालकाने दंड आणखी आवळला. "हे बघ. इथे तोंड उघडलंस तर माझ्या तिन्ही गाड्या जातात, आणि तू पण जातोस. या वयात कोण देणार तुला गाडी? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ती घरात गेली तर तिचं नशीब. आपल्या गाडीत गेली तर मात्र आपलं नाव."

ही माणसं अशी वाक्यं कुठून शिकून येतात देव जाणे. सावकाश उभा राहिला. इकडे आड, तिकडे विहीर. नोकरी गेलेली त्याला दिसली, बायकोचा चेहरा दिसला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी दिसली, पोलीस दिसले. आणि पाण्याच्या टाकीसमोरच्या कुठल्याशा खोलीत तोंड उघडून हवा शोधणारी, त्याने कधी न पाहिलेली एक बाई, तीही दिसली. तो नुसता उभा होता. नंतर त्याने हिशेब लावला तेव्हा कळलं, असा तो चार मिनिटं उभा होता.

मग त्याने मालकाचा हात झटकला. धीर आला म्हणून नाही. दोन्हीकडे भीतीच होती, पण त्या बाईची जास्त वाटली. तो भिंतीच्या वाटेने पुढच्या पटांगणात धावत गेला.

तपासनीस बाई नवव्या गाडीचे मागचे दिवे बघत होत्या. "मॅडम," तो ओरडला, त्याला वाटलं त्याहून कितीतरी मोठ्याने. "माझ्या गाडीत ऑक्सिजन नाही! सिलिंडर रिकामा आहे. पेशंटचा फोन आलाय."

"रिकामा कसा? मी स्वतः काटा पाहिलाय."

"तो सेट होता, मॅडम. फक्त पासिंगपुरता. काढून घेतला."

रांगेतले आणि मागच्या आवारातून त्याच्यामागे धावत आलेले ड्रायव्हर, दोन-तीन मालक, कार्यालयाचा शिपाई, सगळे त्याच्याकडे बघत होते. बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या जमलेल्या ड्रायव्हरांकडे वळल्या.

"पास झालेल्या आठ गाड्या आहेत. कोणाच्या गाडीत ऑक्सिजन आहे? लगेच निघायचंय. कोण जातंय?"

कोणी हललं नाही.

सावकाशने निळ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. त्याच्या शेजारच्याने घातली. पलीकडच्याने तर पाठच फिरवली. सावकाशला इतकी वर्षं वाटत आलं होतं की आपलाच मालक कंजूस, आपलीच गाडी पोकळ. आणि हे सगळे एकाच माळेचे मणी. हॉस्पिटलची मोठी गाडी सोडली तर अख्ख्या गावाच्या रुग्णवाहिका त्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे उभ्या होत्या आणि त्यांच्यात मिळून एक सिलिंडर होता. बाईंनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. सकाळपासून त्यांनी एकच काटा आठ वेळा वाकून पाहिला होता.

"एकातही नाही?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कंपाउंडर बोलला. नवव्या गाडीच्या आतून, पट्टे आवळता आवळता, पहिल्यांदाच. "इथे आहे, मॅडम. या गाडीत. आत्ताच चढवलाय."

"काढा!" बाई किंचाळल्या. "याच्या गाडीत घाला. आधी पेशंट. मग तुम्ही सगळे."

नववी गाडी मागेपुढे अडकलेली, ती रांगेतून निघणं शक्य नव्हतं. सिलिंडर सोडवायचा, हातगाडीवर घालायचा, भिंतीच्या वाटेने न्यायचा, गंजका काढून त्या जागी बसवायचा. चार माणसं लागली तरी पट्ट्याचा एक बोल्ट अडून बसला. तपासनीस बाईंनी स्वतः पाना धरला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

गाडी त्याने कशी चालवली ते त्याला आठवत नाही. कंपाउंडरबरोबर सिलिंडर धरून जिना चढल्याचं आठवतं. दार उघडंच होतं. म्हातारी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे उघडे पण कोणाकडेच न बघणारे. सून तिला बाजूने धरून बसली होती आणि "आलेत, आई, आलेत," एवढंच म्हणत होती. कंपाउंडरने मास्क चढवला. चावी फिरवली. फुस्स झालं. त्या आवाजाने सावकाशच्या डोळ्यांत पाणी आलं.

हॉस्पिटलात म्हातारीला आत नेलं. सून बाहेर बाकाजवळ उभी राहिली. तिने सावकाशचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"काका, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "फोन ठेवला आणि तुम्ही आलातच."

त्याने हात सोडवून घेतला नाही. इतक्या घाणीनंतर हे एवढं तरी आपलं असू दे, असं त्याला वाटलं. माणूसच आहे.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आली. तरुण होती, हातात पेन. "ऑक्सिजन न मिळता त्या साधारण किती वेळ होत्या? फोन केल्यापासून? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरवायचंय. मेंदूला किती ताण पडला असेल त्याचा अंदाज हवा."

"पाच मिनिटं," सून म्हणाली. "फार तर सहा. हे लगेच आले."

डॉक्टरने 'पाच-सहा' लिहायला घेतलं. सावकाशने पेनकडे पाहिलं. पटांगणात बोलून झालं होतं, तेवढ्यावर आपण सुटलो असं त्याला वाटलं होतं. इथे तर कोणी विचारणारही नव्हतं.

"सतरा मिनिटं," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"मला फोन आला अकरा बाराला. मास्क लागला अकरा एकोणतीसला. माझ्या फोनवर वेळ आहे, बघा. गाडीत ऑक्सिजनच नव्हता, तो शोधून चढवेपर्यंत नऊ मिनिटं तिथेच गेली." तो थांबला. मग तेही सांगून टाकलं. "त्यातली चार मी नुसता उभा होतो. घाबरून."

डॉक्टरने आधीचं खोडलं, नवीन आकडा लिहिला आणि धावतच आत गेली.

सुनेने त्याचा हात सोडला. एकदम नाही, बोटं एकेक करून सैल झाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बसा इथे. आईंचं कळेपर्यंत कुठे जायचं नाही."

तो बसला. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. भिंतीवरचं घड्याळ बघायची त्याची हिंमत होईना. आतून कोणी बाहेर आलं की तो अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा. मालकाचे फोन येऊन गेले, त्याने उचलले नाहीत. म्हातारी गेली तर ही बाई आपल्याला काय म्हणेल, हे तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकत होता, आणि दर वेळी तिचंच बरोबर होतं.

दोन तासांनी डॉक्टर आली. "शुद्धीवर आल्यात. नाव सांगितलं स्वतःचं. सुनेला बोलवा म्हणाल्या. वेळ कळली ते बरं झालं, नाहीतर आम्ही हलकं धरून चाललो होतो."

सून रडायला लागली. रडतच उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"काका, बाकीच्या गाड्या? त्यांत असतो ऑक्सिजन?"

"नाही, ताई."

"एकातही?"

"नाही."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतका वेळ फक्त आपली सासू वाचते का एवढंच बघत होती आणि आता तिला रस्त्यावरची सगळी माणसं दिसायला लागली. मग ती आत गेली.

तो बाकावरच होता तेव्हा नियंत्रण कक्षाचा फोन आला. तीच मुलगी. आवाज सकाळपेक्षा बारीक झालेला.

"काका, तपासनीस बाईंनी सगळ्या गाड्या बंद केल्यात. मोठी गाडी पेशंट घेऊन अडकलीय. स्क्रीनवर आत्ता अख्ख्या गावात एकच गाडी दिसतेय, तुमची. एका माणसाच्या छातीत दुखतंय. जाल?"

तो फोन कानाला लावूनच गाडीपाशी आला, मागचं दार उघडलं आणि वाकून काट्याकडे पाहिलं. कंपाउंडर स्ट्रेचर आत ढकलत होता.

"सिलिंडर अर्धा आहे," तो म्हणाला. "अर्धाच. तसं लिहून घे, पोरी, पूर्ण लिहू नकोस. पत्ता सांग, निघतोय."